चौदा सेकंदांचं हळदीकुंकू

दारावरची बेल वाजली तेव्हा मी डाळीसाठी कैरी किसत होते आणि ईरा माझ्या पायाला मिठी मारून उभी होती. हॉलमधून आईने विचारलं, "आल्या का गं बायका?" बायका चारला यायच्या होत्या, अजून तीनही वाजले नव्हते. ईराला कडेवर घेतलं, हात ओढणीला पुसले आणि दार उघडलं.

बाहेर साठी उलटलेली एक उंच, हाडापेराने मजबूत बाई उभी होती. पायात बर्फातले बूट, हातात पत्रकांचा गठ्ठा आणि कोटावर स्वतःच्याच नावाचा बिल्ला. मार्जोरी क्लाइन. नाव ओळखीचं होतं, कारण आमच्या गल्लीतल्या निम्म्या अंगणांत या नावाच्या पाट्या रोवलेल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांत त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाच्या. विस्कॉन्सिनमध्ये शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाची निवडणूक एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी असते, म्हणजे त्या शनिवारपासून दहा दिवसांनी होती. कागदोपत्री तिच्यात पक्ष नसतात. पण कुठल्या अंगणात रिपब्लिकन राहतो आणि कुठल्या अंगणात डेमोक्रॅट, हे आमचा पोस्टमनही पाट्या बघून सांगायचा. मला त्यातलं काही धड कळत नव्हतं. या देशात येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि त्यातलं एक ईरातच गेलं होतं.

त्यांनी पत्रक पुढे केलं. मी सांगून टाकलं की आम्हाला मत नाही, आम्ही इथले नागरिक नाही, तुमचा वेळ फुकट जाईल.

मार्जोरीबाईंनी गठ्ठा खाली केला. "मग बरंच झालं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून हे छप्पन्नावं दार. इथे मला बोलावं लागणार नाही. दोन मिनिटं टेकू का?"

चैत्रात दारी आलेल्या बाईला आत येऊ नका कोण म्हणेल? मी त्यांना आत घेतलं.

हॉलमध्ये आईने चैत्रगौर मांडली होती. कुरिअरच्या खोक्यांच्या पायऱ्या, त्यांवर तिची जांभळी नारायणपेठ, वरच्या झोपाळ्यात बोटभर पितळी गौर. पुढे कलिंगडाचं कमळ, भिजवलेले हरभरे, पन्ह्याचा जग. खिडकीबाहेर फुटपाथच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग अजून वितळायचे होते. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यानंतर आई पहिल्यांदाच साताऱ्याच्या बाहेर पडली होती, ती थेट इथवर, ईरासाठी. खाली सोडताच ईरा गौरीपुढे टाळ्या वाजवायला लागली, ते माझ्या सासूबाईंना, नचिकेतच्या आईला दाखवायचं म्हणून मी फोन पुस्तकांच्या कपाटाला टेकवून व्हिडिओ चालू केला. पाहुण्यांच्या गडबडीत तो तसाच चालू राहिला.

मार्जोरीबाई दोन ग्लास पन्हं प्यायल्या. हे सगळं काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या पद्धतीने सांगितलं की देवी माहेरी येते, महिनाभर राहते, बायका तिला बघायला येतात आणि आपण त्यांना हळदीकुंकू लावतो.

"सगळ्यांना?"

"लग्न झालेल्या बायकांना."

त्या हसल्या. "एक्केचाळीस वर्षं झाली. माझे तर दोन ठिपके व्हायला हवेत. लाव मलाही."

मी आईला सांगितलं. आईने कोयरी उचलून माझ्यापुढे धरली आणि मी लावलं. मग ओटी भरली: खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. पदर नव्हता, तेव्हा त्यांनी कोटाचाच घोळ पुढे केला. बूट चढवून, नारळ काखोटीला मारून त्या सत्तावन्नाव्या दाराकडे गेल्या. पुष्कळ वेळ आई खिडकीशी उभी होती.

"मंजिरीबाई बऱ्या आहेत गं," ती म्हणाली.

"मार्जोरी, आई."

"तेच."

संध्याकाळी ईराला पाजता पाजता मी त्या व्हिडिओतले चौदा सेकंद कापले आणि इथल्या मराठी मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकले. त्या चौदा सेकंदांत एवढंच होतं की मार्जोरीबाई मान झुकवतात, मी त्यांच्या कपाळाला बोट लावते आणि मागे गौर दिसते. खाली लिहिलं, बघा आमच्या गौरीला कोण आलं होतं. मंडळाच्या अध्यक्ष पूर्णिमावहिनी, त्यांनी लगेच फुलं टाकली. मला आपलं वाटलं, आवडलं सगळ्यांना.

मंगळवारी दुपारी नचिकेतने ऑफिसातून फोन करून विचारलं की तू टीव्ही बघितलास का. आमच्या राज्यातल्या एका चॅनेलवर माझं बोट दिसत होतं. नुसतं बोट, हिरव्या बांगड्या आणि समोर झुकलेल्या मार्जोरीबाई.

तेव्हा मला एकेक कळत गेलं. पूर्णिमावहिनींनी दिवाळीला शाळांना सुट्टी मिळावी म्हणून जानेवारीत चारशे सह्यांचा अर्ज दिला होता. बोर्डाच्या सभेत मार्जोरीबाई उठून म्हणाल्या होत्या की जगात देव पुष्कळ आहेत आणि शाळेचे दिवस एकशे ऐंशीच, आधी मुलांना वाचता येऊ द्या. त्या सभेला मंडळ झाडून गेलं होतं. मी ओली बाळंतीण नसले तरी रात्ररात्र जागणारी होते, मी गेले नव्हते. मी टाकलेली क्लिप वहिनींनी आपल्या लेकीला पाठवली, दिवाळी नको म्हणणारी बाई मतांसाठी कशी वाकते बघ म्हणून. लेकीने ती दुसऱ्या उमेदवाराच्या प्रचारातल्या मैत्रिणीला पाठवली. पुढचं कोणी कोणाला पाठवलं ते देव जाणे.

एका बाजूचे म्हणत होते, ही बाई ढोंगी आहे. तिच्या स्वतःच्या बाजूचे म्हणत होते, ही मूर्तीपुढे वाकली. रेडिओवर सकाळी एक गृहस्थ बोलायचे, त्यांनी त्या ठिपक्यावर दोन तास काढले. लोक फोन करून आपली मतं सांगत होते. एकाने ते रक्त आहे असं सांगितलं, दुसऱ्याने त्याला दुरुस्त करून ते रंगवलेलं मीठ आहे असं सांगितलं. भांडी घासताना ऐकत होते मी. कोण कोणाच्या बाजूने बोलतोय, हे मला शेवटपर्यंत उमगत नव्हतं. दोन्हीकडचे लोक एकाच बाईवर चिडले होते, एवढंच कळत होतं, आणि ती बाई आमच्याकडे फक्त पाय दुखले म्हणून बसली होती.

बुधवारी मार्जोरीबाईंचं निवेदन आलं. दोनच वाक्यांचं. शेजारधर्म म्हणून एका घरी गेले होते. मी नको म्हणण्याआधीच माझ्या कपाळाला ते लावण्यात आलं.

मी ते तीनदा वाचलं. मग रडू आलं, त्याचा मलाच राग आला.

त्या दिवसापासून बोलणं फिरलं. आता विषय त्या बाईंचा राहिला नाही, त्या घराचा झाला. घरात बोलावून असं करतात का, कोण आहेत हे लोक. आमच्या दाराचं तोरण क्लिपच्या कोपऱ्यात दिसत होतं. गुरुवारी सकाळी एक गाडी घरासमोर हळू झाली, आतून कोणीतरी फोटो काढला आणि गाडी गेली. समोरचे आजोबा रोज ईराला हात करायचे, त्यांनी त्या दिवशी टपालपेटीतच डोकं घालून ठेवलं. मला न बघितल्यासारखं करणं त्यांना जमत नव्हतं आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

नचिकेतची ग्रीन कार्डाची फाईल त्या वेळी सरकारदरबारी होती. तो घाबरला होता आणि घाबरला की तो फार शांत बोलतो.

"तुझ्याकडे पूर्ण व्हिडिओ आहे ना? त्यात त्या स्वतःच लाव म्हणतात, तूच सांगितलंस मला. दे त्या चॅनेलला. विषय संपेल."

"नाही देणार."

"का पण? आपण खोटे ठरतोय केतकी. त्यांनी सरळ सरळ खोटं सांगितलंय."

"ठरू दे."

कारण सांगता येत नाही म्हटल्यावर माणूस आधी तुमच्यावर चिडतो आणि मग तुमची काळजी करायला लागतो. तो काळजीपर्यंत आला होता.

त्याच दुपारी एक बातमीदार मुलगी आली. दारात तिने आपणहून बूट काढले, त्यामुळे तिला नाही म्हणणं अवघड झालं. तिने गोड आवाजात विचारलं की क्लिप मध्येच तुटते, याच्या पुढे काही आहे का, आणि ती कोणी कापली. मी सांगितलं, फोनची बॅटरी संपली होती. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी क्वचित बोलले असेन. मुलगी फोनकडे बघून हसली, कार्ड ठेवून गेली.

आई रोज संध्याकाळी विचारायची, आज काय म्हणाल्या मंजिरीबाई. तिला हा सगळा गोंधळ म्हणजे गावातल्या ग्रामपंचायतीसारखा वाटत होता, आणि खरं तर ती माझ्यापेक्षा बरं समजत होती. त्या दिवशी मी तिला निवेदनाचा अर्थ सांगितला. ती कणीक मळत होती.

"नको म्हणायच्या आधीच लावलं, असं म्हणाल्या?"

"हो."

तिचे हात परातीत थांबले. "असं होतं कधी कधी," ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

आम्ही दोघी त्या शनिवारपासून त्याबद्दल काही बोललोच नव्हतो.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मार्जोरीबाई, या वेळी बिल्ला नाही. हातात कागदी पिशवी. आत नारळ, खणाची घडी आणि एका डबीत तांदूळ, बहुधा दाणा न दाणा.

प्रचार बघणाऱ्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की कोणाकडची भेट ठेवू नका, उगाच आणखी एक विषय होईल. त्यांनी ते सांगितलं आणि पिशवी पुढे केली. माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. मागून आईने पिशवीतला नारळ ओळखला.

"ओटी परत घेत नाहीत, सांग त्यांना," ती म्हणाली.

मी सांगितलं. त्या पिशवी धरून तशाच उभ्या राहिल्या. ठेवता येईना, नेता येईना. मग एकदम म्हणाल्या, "तू मला न विचारता ते पाठवलंस."

"हो," मी म्हणाले. "चुकलं माझं."

त्यांना बहुतेक भांडण अपेक्षित होतं. त्या खोक्यांच्या पायऱ्यांजवळच्या खुर्चीत बसल्या, तिथेच, जिथे मागच्या शनिवारी बसल्या होत्या. गौर अजून होती, अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. मी फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला. आधी काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. पन्हं, प्रश्न, दोन ठिपक्यांचा विनोद. मग ते चौदा सेकंद. आणि ते संपतात तिथून पुढे मार्जोरीबाई विचारतात, आता मी काय करायचं? माझा आवाज येतो, आता उलट लावायचं, यजमानीणबाईंना. मी मान पुढे करणार, तेवढ्यात ईरा कलिंगडाकडे झेपावते आणि मी तिला सावरायला वळते. मार्जोरीबाई समोर बघतात. समोर कोयरी धरून आई उभी आहे. त्या बोट बुडवतात आणि आईच्या कपाळाला कुंकू लावतात. माझा आवाज, "अहो नको, तिला..." आणि आईचा डावा हात वर होतो. माझ्याकडे. थांब, म्हणून. मग ती मान खाली घालते, नव्या सुनेने घालावी तशी. पुढे सात-आठ सेकंद कोणी काही बोलत नाही. फक्त ईरा टाळ्या वाजवते.

त्या दिवशी चारला मंडळाच्या बायका आल्या तेव्हा आईचं कपाळ कोरडं होतं. बाथरूममधल्या टॉवेलचा एक कोपरा लालसर होता, तो मी रात्रीच्या आत धुऊन टाकला.

मार्जोरीबाईंनी वर बघितलं. मी त्यांना सांगितलं की माझे बाबा गेले. आमच्याकडे मग बाईला कुंकू लावत नाहीत. बाबा गेले त्या दिवशी आमच्या मोठ्या काकूंनी ओला रुमाल आईच्या हातात दिला होता, एवढंच, तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि आईनेही काढला नव्हता. हा व्हिडिओ बाहेर गेला असता तर तुमच्या लोकांनी तुम्हाला बघितलं असतं आणि आमच्या लोकांनी आईला.

त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा तो वर झालेला हात.

"तिला नको होतं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही."

"मग विचार," त्या म्हणाल्या. इतकं साधं. त्यांच्याकडे तसंच असतं.

आई पलीकडे उभी राहून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला व्हिडिओतले आवाज ऐकू आले होते. मी विचारलं. आई, त्या दिवशी त्यांनी लावलं ते, तुला...

आईने पदराने गौरीच्या झोपाळ्यावरची नसलेली धूळ पुसली.

"त्यांनी विचारून लावलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं," ती म्हणाली. "विचारलं नाही, ते बरं झालं."

मी त्याचं इंग्रजी केलं. एवढंसं वाक्य, पण मला दोनदा सुरुवात करावी लागली. मार्जोरीबाईंनी पिशवीतली खणाची घडी सारखी केली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे नको म्हणण्याआधी लावलं गेलं ते इथे, यांच्या कपाळाला."

त्यांनी पिशवी स्वतःकडे ओढली. या नारळाचं करतात काय, असं विचारलं. मी सांगितलं, फोडायचा आणि खायचा. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

"दिवाळीला शाळा बंद ठेवावी असं मला अजूनही वाटत नाही हं."

"मला तर मतच नाही," मी म्हणाले.

सोमवारी शाळेच्या जिममध्ये उमेदवारांची शेवटची सभा होती. ती मी लॅपटॉपवर बघितली, आई शेजारी ईराला भात भरवत होती. तिसराच प्रश्न त्या क्लिपचा आला. मार्जोरीबाई उठल्या आणि म्हणाल्या की मीच लाव म्हणाले होते, मला कोणी जबरदस्ती केली नाही. निवेदन दुसऱ्याने लिहिलं होतं, पण खाली नाव माझं होतं, तेव्हा खोटं मीच बोलले. व्हिडिओचं नाव त्यांनी घेतलं नाही. आईचं तर नाहीच.

मला वाटलं, संपलं. मतदानाच्या मंगळवारी सकाळी एका चॅनेलवर त्यांचं फक्त 'मीच लाव म्हणाले' एवढंच वाजत होतं, दुसऱ्यावर 'निवेदन दुसऱ्याने लिहिलं' एवढंच. रेडिओवरचे गृहस्थ म्हणाले की या बाईवर दबाव आला आहे आणि तो कुठून आला ते आपण सगळे जाणतो. मी तर जाणत नव्हते. कापायचं कसं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, मीही चौदा सेकंदच ठेवले होते. पण त्यांनी काय वाचवायला कापलं, ते मला कळेना.

मार्जोरीबाई त्रेसष्ट मतांनी हरल्या. पूर्णिमावहिनींनी मंडळाच्या ग्रुपवर पेढ्यांचं चित्र टाकलं. मी त्यावर काय टाकावं या विचारात बोट धरून बसले आणि शेवटी काहीच टाकलं नाही. मला आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. जिंकलेल्या गृहस्थांनी पहिल्याच सभेत दिवाळीच्या सुट्टीचा अर्ज वेळापत्रक समितीकडे पाठवला. आता ईरा चौथीत आहे, तो अजून समितीकडेच आहे. समोरचे आजोबा आठवडाभरात पुन्हा हात करायला लागले.

मे महिन्यात आई परत निघाली. विमानतळावर सामान देऊन झालं, व्हीलचेअरवाला माणूस आला, तिने ईराचे खूप पापे घेतले. मग मला जवळ बोलावलं.

"केतू, ती क्लिप मला पाठव."

"कुठली?"

"मंजिरीबाईंची. आख्खी पाठव. कापलेली नको."

मी काही विचारलं नाही. या वेळी विचारायचं नसतं, हे मला कळलं होतं, किंवा कळलं असं वाटलं. तिथेच उभी राहून पाठवली. निळी रेघ पूर्ण होईपर्यंत आई फोनकडे बघत होती.

साताऱ्याला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने तो व्हिडिओ घरच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटं चाळीस सेकंद, खाली एक अक्षरही नाही. त्या ग्रुपवर एकोणतीस माणसं आहेत आणि सकाळी सहापासून सुप्रभात सुरू असतं. त्या दिवशी दुपार झाली तरी कोणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सुप्रभातही आलं नाही. मी ईराला झोपवता झोपवता सारखी फोन उघडून बघत होते. सगळ्यांनी बघितलं असणार, एकोणतीसच्या एकोणतीस.

तिसऱ्या दिवशी मोठ्या काकू लिहू लागल्या. वर 'लिहीत आहेत' असं येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं.

शेवटी काकूंनी लिहिलं, "पन्हं उकडलेल्या कैरीचं केलं होतं की कच्च्या?"

आईचं उत्तर लगेच आलं. "उकडलेल्या. रंग बघा ना किती छान आलाय."